वाढत्या उपनगरातील सार्वजनिक उद्यान : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कात्रजचा घाट ओलांडला की पुणे संपते, ही समजूत आता जुन्या पिढीच्या बोलण्यातच उरली आहे. शिंदेवाडी, ससेवाडी, वेळू आणि पुढे नसरापूर हा भोर तालुक्यातील महामार्गालगतचा पट्टा कारखाने, गोदामे आणि निवासी प्रकल्प यांनी भरत चालला आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात भोर व वेल्हे या दोन्ही तालुक्यांतील गावांचा समावेश झाला. वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. प्रस्तुत लेखात मात्र परिसराची जुनी ओळख म्हणून 'भोर-वेल्हे' हाच उल्लेख ठेवला आहे.

गावाचे उपनगर होऊ लागले की सार्वजनिक उद्यानाची मागणी पुढे येते आणि ती रास्तच असते. परंतु उद्यानाची चर्चा बहुधा हिरवळ, चालण्याचा मार्ग, कारंजे आणि खेळणी यांपाशी थांबते. ही जागा कोणाची, तीत प्रवेश कोणाला आणि तिची राखण कोण करणार, हे प्रश्न मागे पडतात. उद्यान हा सुशोभीकरणाचा नसून सामाईक जागेवरील हक्काचा प्रश्न आहे, ही भूमिका प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

सामाईक जागेची मराठी परंपरा

'उद्यान' हा शब्द संस्कृत असून जुना आहे. परंतु नगरपालिकेने राखलेली, वेळापत्रक व फाटक असलेली जागा हा त्याचा आजचा अर्थ ब्रिटिश काळातील नागरी व्यवस्थेतून रूढ झाला. मावळातील गावाला हिरव्या जागेसाठी अन्य शब्द पुरेसे होते. बाग आणि आमराई यांना मालक असे. गायरान गावाचे असे. देवराई देवाची असे. गावाचा पार, नदीचा घाट आणि पाणवठा या जागा वापराने सार्वजनिक होत. म्हणजे प्रत्येक शब्दाबरोबर मालकीचा व वापराचा एक नियम बांधलेला होता.

झाडाशी जोडलेल्या हक्काचे भान येथील राज्यव्यवहारातही दिसते. राजाराम महाराज जिंजीस असताना महाराष्ट्रातील कारभार ज्यांनी सांभाळला त्यांत रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण सचिव हे प्रमुख होते. यांपैकी शंकराजी हे भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष. रामचंद्रपंतांच्या नावावर असलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड घेतानाही आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती दीर्घकाळ जतन करून वाढविलेली असतात, असा विचार आहे. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन घ्यावे, असेही त्यात सुचविले आहे. राज्याच्या गरजेपुढेही झाड राखणाऱ्याचा हक्क मान्य करणारा हा दृष्टिकोन आजच्या नियोजनशास्त्रालाही विचार करावयास लावणारा आहे.

नियमातील उद्यान

राज्यात २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील अभिन्यासात सर्वसाधारणपणे १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी मोकळे ठेवावे लागते. वरकरणी ही तरतूद समाधानकारक वाटते. तथापि तिच्यात दोन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा प्रमाणाची. हे प्रमाण जमिनीवर मोजले जाते, माणसांवर नाही. उदाहरणादाखल, एक हेक्टरच्या भूखंडावर १००० चौरस मीटर जागा मोकळी राहते. तेथे १०० सदनिका असतील आणि प्रत्येकीत ४ माणसे धरली, तर दरडोई २.५ चौरस मीटर जागा येते. सदनिका २०० झाल्या की तीच जागा दरडोई १.२५ चौरस मीटर होते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नागरी नियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. मजले वाढतात, परंतु अंगण तेवढेच राहते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ही मोकळी जागा त्या अभिन्यासातील रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असते. शेजारच्या जुन्या गावठाणातील मुलाला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला किंवा रस्त्यापलीकडच्या वस्तीतील वृद्ध स्त्रीला तीत प्रवेशाचा हक्क नसतो. दहा प्रकल्पांत दहा बागा झाल्या, तरी गावाच्या वाट्याला एकही सार्वजनिक उद्यान येत नाही, हा या व्यवस्थेचा परिणाम होय.

सर्वांसाठीचे उद्यान विकास आराखड्यातील आरक्षणातूनच साकार होऊ शकते. तथापि प्राधिकरणाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा राज्य शासनाने २०२५ मध्ये रद्द केला. त्या आराखड्यावरील आक्षेपांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. परंतु नकाशावरील आरक्षणे अधांतरी राहिली तरी बांधकामे थांबत नाहीत, ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येत नाही. शिवाय आरक्षण अंतिम झाले तरी ते चिरस्थायी नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. शहराच्या कडेला जमिनीचे भाव चढत असताना विलंब हाच उद्यानाचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो.

गायरानाचा सोपा मार्ग

खाजगी जमीन महाग असल्याने उद्यानासाठी गायरानाकडे बोट दाखविले जाणे स्वाभाविक आहे. येथे सावधगिरीची गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या गावाकडे परत देण्याचे निर्देश दिले आणि त्याच वर्षी १२ जुलै रोजी महाराष्ट्र शासनाने गायरान जमिनींच्या अन्य वापरावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. गायरान ही रिकामी जागा नव्हे. या परिसरातील धनगर आणि भूमिहीन कुटुंबांची जनावरे तेथे चरतात. कुंपण घालून त्याचे उद्यान केल्यास नव्या रहिवाशांना फेरफटक्याची सोय होईल, परंतु जुन्यांची चराई जाईल. एका सामाईक जागेचा बळी देऊन दुसरी निर्माण करणे याला विकास म्हणता येणार नाही.

देवराई : आदर्श आणि तिची मर्यादा

भोर-वेल्हे परिसर देवरायांसाठी प्रसिद्ध आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे या परंपरेकडे शास्त्रीय जगाचे लक्ष वेधले गेले. जननी, वाघजाई, शिरकाई, भैरवनाथ अशा देवतांच्या नावे राखलेल्या या वनांत कुऱ्हाड चालत नाही. कित्येक ठिकाणी पडलेले लाकूडही उचलले जात नाही. गावाच्या गरजेसाठी काही घ्यायचे तर देवाला कौल लावला जातो. पहारेकरी, तिकीट वा निविदा यांवाचून पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली ही व्यवस्था आहे.

परंतु तिचे उदात्तीकरणही टाळावयास हवे. काही देवरायांत स्त्रियांच्या प्रवेशावर निर्बंध आहेत; मानपानाची उतरंडही तेथे आढळते. लोकशाही समाजातील उद्यानाला हा वारसा जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. देवराईत बाके, दिवे आणि फरशी घालून तिचे उद्यान करणे तर तिचा नाश करण्यासारखेच होय. तिच्याकडून घ्यायचे ते एवढेच की, जागा टिकते ती कुंपणाने नव्हे, तर सर्वांनी मानलेल्या नियमाने.

दोन उदाहरणे

नसरापूरजवळील बनेश्वर हे या संदर्भात बोलके उदाहरण आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील शिवमंदिर, भोवतीची वनराई आणि शिवगंगेचा धबधबा यांमुळे भाविक, सहलीला आलेली कुटुंबे आणि पक्षीनिरीक्षक एकाच परिसरात येतात. विविध वापर एकत्र नांदू शकतात हे येथे दिसते. मात्र हे स्थळ मुख्यत्वे पाहुण्यांचे आहे. रोज सायंकाळी पायी जाण्याजोगे, वस्तीलगतचे उद्यान ही गरज त्याने भागत नाही.

दुसरे उदाहरण पुण्यातील वारजे येथील नागरी वनाचे. वनविभाग, स्थानिक संस्था आणि नागरिक यांच्या सहभागातून १६.८ हेक्टर उजाड टेकडीवर ते उभे राहिले आणि २०२० मध्ये केंद्र शासनाने नगर वन योजना जाहीर करताना त्याचा आदर्श म्हणून उल्लेख केला. आयात केलेल्या शोभेच्या झाडांऐवजी देशी वृक्षांवर दिलेला भर हे त्याचे वैशिष्ट्य. भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी ही धरणे उशाशी असूनही उन्हाळ्यात डोंगरातील वाड्यांवर पाण्यासाठी पायपीट होते. अशा प्रदेशात सतत पाणी मागणारी हिरवळ अंथरण्यापेक्षा करंज, जांभूळ, उंबर, बेहडा यांची सावली अधिक उचित ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, भोर-वेल्हे परिसरात उद्यानाची पहिली पायरी रोपलागवड नसून जागेची निश्चिती ही आहे. आराखडा नव्याने होत असताना, जमीन अद्याप मोकळी आहे तोवर, गावठाण आणि नव्या वसाहती यांच्या सीमेवर आरक्षणे ठेवून ती मुदतीत संपादित करणे आवश्यक आहे. त्यासाठी चराईच्या जमिनी घेऊ नयेत. व्यवस्थापनात ग्रामसभेबरोबरच नव्या रहिवाशांनाही स्थान असावे, कारण दोघांची भेट घडावी अशी दुसरी जागा उपनगरात सहसा नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्ट खटल्यात उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयास देण्याचा निर्णय रद्द ठरविला, तो परिसरातील नागरिकांनी दाद मागितल्यामुळे. उद्यान राखणारे नागरिक आधी असावे लागतात, हाच त्याचा बोध होय. गावाला देवराई आपली वाटत होती, म्हणून ती राहिली. उपनगरातील उद्यान कोणाला आपले वाटणार, याचे उत्तर फाटक उभारण्यापूर्वी द्यावे लागेल.