रिअल-टाइम कार्यनियोजनाच्या दस्तऐवजातील उदाहरणे : एक चिकित्सा

लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत (२०१४) ‘शेड-डेडलाइन’ हे धोरण समाविष्ट झाले. त्याच्या अधिकृत दस्तऐवजातील नमुना प्रोग्राम दर ३० मिलिसेकंदांत १० मिलिसेकंद प्रोसेसर मागतो. सी भाषेच्या ग्रंथालयात आवश्यक फंक्शन नसल्याने ते उदाहरणातच लिहावे लागले. २०२५ मध्ये ग्लिबसी २.४१ ने ते पुरविले; परिणामी जुन्या व्याख्या नव्यांशी भिडून संकलन अडू शकते. दुरुस्ती म्हणूनच अपरिहार्य आहे, परंतु पुरेशी नाही. १० हा आकडा कोठून आला, हे उदाहरण सांगत नाही. कमाल अंमलकालाची चर्चा विवेचनात आहे, नमुन्यात नाही. वाटा कमी पडल्यास कार्य पुढील आवर्तनापर्यंत रोखले जाते. मोजमाप वगळणारे उदाहरण विद्यार्थ्यास नक्कल शिकविते, नियोजन नव्हे.