मूळ रूप कोणतं?

साताऱ्याच्या आमच्या घराशेजारच्या शेडमध्ये १९६८ सालची फियाट ११०० उभी आहे. वडील गेल्यानंतरच्या चार वर्षांत ती दोनदाच फाटकाबाहेर पडली. दादाला आता ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१च्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेल्या गाडीची अशी नोंद होते, आणि नव्याने नोंदणी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. पुनर्नोंदणीची फी पाच हजार रुपये. गाडी मेळाव्याला, प्रदर्शनाला न्यायची. रोज वापरायची नाही. यात एकच अट अवघड आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको.

आमच्या गाडीत डिझेलचं इंजिन आहे. वडिलांची फलटणला बदली झाली आणि रोजच्या जाण्यायेण्याचं पेट्रोल पगारात बसेना, म्हणून त्यांनी ते १९८४ साली बसवून घेतलं. दादाचं म्हणणं, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून १०८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन आणू, म्हणजे गाडी ‘मूळ’ होईल. कुणा अनोळखी माणसाच्या गाडीतून निघालेलं इंजिन घातल्यावर आमची गाडी मूळ रूपात कशी येते, हे मला कळेना. माझ्या शोधाची सुरुवात या घरगुती भांडणातून झाली, हे आधीच सांगून टाकतो.

१९६५ ते १९७० या काळातल्या गाड्यांविषयी आपल्याकडे जे लेखन होतं, ते बहुतेक एकाच सुराचं असतं. क्रोमची चकाकी, वळणदार पत्रा, इंजिनाचा खर्जातला आवाज आणि शेवटी ‘तसं आता होणे नाही’ असा सुस्कारा. हे वर्णन खोटं नाही, पण त्यातून उत्तर मिळत नाही. क्रोमच हवं असेल तर त्याआधीच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांवर ते दुप्पट आहे. मग जीव नेमका याच पाच वर्षांवर का जडतो?

मला सापडलेलं कारण कायद्यात आहे. राल्फ नेडर यांचं अमेरिकी मोटारींच्या धोकादायक बांधणीवरचं पुस्तक १९६५ साली आलं. पुढच्याच वर्षी तिथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि त्याखालचे पहिले नियम १ जानेवारी १९६८पासून लागू झाले. त्यामागोमाग धुरावरची बंधनं आली, १९७३ साली तेलाचं संकट आलं. त्यामुळे १९६७ आणि १९६८च्या मधून एक रेघ गेली आहे, आणि ती गाड्यांच्या अंगावर दिसते. जग्वार ई-टाइप हे तिचं ठळक उदाहरण. सुरुवातीच्या ई-टाइपच्या पुढच्या दिव्यांवर नाकाच्या उतारात मिसळून गेलेली काच होती आणि डॅशबोर्डवर विमानासारखे पुढे आलेले खटके. अमेरिकी बाजारासाठी काच गेली, खटके चपटे झाले. खरं तर उघड्या दिव्यांचा उजेड जास्त चांगला आणि चपट्या खटक्यावर कपाळ फुटण्याची भीती कमी. तरीही आज संग्राहक जास्त पैसे मोजतात ते काचवाल्या, खटकेवाल्या गाडीला. म्हणजे कायद्याने शहाणपणाने जे काढून टाकलं, नेमकी त्याचीच किंमत चढली. आकर्षण सौंदर्याचं आहेच, पण त्यात मुभेचाही वाटा आहे. शेवटच्या बेफिकीर वर्षांची ती आठवण आहे. आमच्या फियाटलाही पट्टे नव्हते आणि आम्ही भावंडं पुढच्या सलग सीटवर उभी राहून खंबाटकी घाट पाहायचो. आज माझ्या मुलीला मी तसं उभं राहू देणार नाही.

आता मूळ रूपाकडे येतो. १९६८च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन याने चालवलेली हिरवी मस्टँग जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडात लिलावात निघाली आणि शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली. एका कुटुंबाने ती १९७४ साली सहा हजार डॉलरना घेतली होती आणि घरातली बाई तिच्यातून शाळेत शिकवायला जात असे. लिलावाच्या वेळी गाडीला पोचे होते, गंज होता, चित्रीकरणाचे कॅमेरे बसवण्यासाठी पाडलेली भोकं होती. त्यातलं काहीही बुजवलं नव्हतं, आणि एवढी किंमत आली ती त्यामुळेच. कारखान्यातून निघाली तशी ती मुळीच नव्हती. पण वापराची ती खूण एका नटाच्या नावाशी जोडलेली होती, म्हणून तिला इतिहास म्हटलं गेलं. फलटणच्या बदलीमुळे बसलेल्या इंजिनाला मात्र ‘फेरफार’ म्हणायचं. माझा आक्षेप इथे आहे.

आपल्या देशातली या गाडीची गोष्ट मुळातच उलटी आहे. अमेरिकेत ते नमुने संपले म्हणून हवेसे झाले. आपल्याकडे ते संपेचनात. इटलीत फियाटने ११००ची मालिका १९६९ साली बंद केली. त्याच वर्षी इथे सरकार मोटारींच्या विक्रीच्या किमती ठरवून देत होतं आणि कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहायची, हा मध्यमवर्गाचा नेम होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तोच पत्रा, तेच इंजिन, पुढे ‘पद्मिनी’ या नावाने, शतक संपेपर्यंत निघत राहिलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस, काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. या टॅक्सींपैकी किती मूळ रूपात होत्या? पेट्रोलच्या डिझेल झाल्या, डिझेलच्या सीएनजी झाल्या, दारं एकीची दुसरीला लागली. त्या टिकल्या त्या बदलल्या म्हणूनच.

आमच्या मिस्त्रींकडे मी दोन दिवस बसलो. वय सत्तरीच्या पुढे. बॉनेट उघडून त्यांनी मला एकेक भाग बोटाने दाखवला. सगळं हाताला येणारं, डोळ्यांना दिसणारं. पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो, कार्बोरेटर सडकेच्या कडेला उघडून फुंकता येतो. माझ्या आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं, आणि बिघाड काय तो संगणक सांगतो. या जुन्या गाड्यांची खरी ओढ, माझ्या मते, या उघडेपणात आहे. सामान्य माणसाला आपली वस्तू समजत होती आणि गरजेप्रमाणे बदलता येत होती. व्हिंटेजचा नियम गाडी जपतो आणि नेमकी ही बदलण्याची विद्या बाद ठरवतो. नियमाची अडचण मला समजते. मूळ रूपाची अट नसती तर कुणीही नव्या इंजिनावर जुना पत्रा चढवून क्रमांक मागायला आला असता. पण पन्नास वर्षांच्या आयुष्यातली, तारखेनिशी सांगता येणारी दुरुस्ती नोंदीत लिहायला एक रकाना ठेवता आला असता.

मिस्त्रींना मी विचारलं, “पेट्रोलचं इंजिन बसेल का परत?”

“बसेल की. माउंटिंग बदलावी लागतील,” ते म्हणाले. “पण हे तुमच्या आबांनी माझ्या वडलांकडनं बसवून घेतलंय. मी पाना धरून होतो तेव्हा. चालतंय, तर काढायचं कशाला?”

दादाचा काल फोन आला. कुर्ल्यात इंजिन मिळालंय, पैसे पाठव म्हणाला. मी अजून पाठवलेले नाहीत. रविवारी गाडी फलटणपर्यंत नेऊन आणायचं ठरवलं आहे. दादालाही बरोबर बोलावलं आहे.