मोजणीत सापडलेला माणूस

छळलेल्या जमातीची गोष्ट कोणी सांगायची, हा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला. ज्याने भोगले त्यानेच लिहावे, असे आपण म्हणत आलो. ते योग्यच होते, कारण दुसऱ्यांनी लिहिलेल्या आपल्या गोष्टींत दया भरपूर असे, माणूस मात्र नसे. हा वाद मनात ठेवूनच मी रबीअ जाबिर या लेबनानी लेखकाच्या ‘बेलग्रेडचे द्रूझ’ या अरबी कादंबरीकडे वळलो. ती २०१० साली प्रसिद्ध झाली आणि २०१२ साली तिला अरबी कादंबरीचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पारितोषिकाशी मला कर्तव्य नाही. मला अडवले ते वेगळ्याच गोष्टीने. कहाणी द्रूझांच्या शिक्षेची आहे आणि तिचा नायक द्रूझ नाही.

द्रूझ ही मुख्यतः सीरिया, लेबनान आणि इस्राएल या देशांत राहणारी लहान धर्मजमात. अकराव्या शतकात, फातिमी खिलाफतीच्या काळात, कैरो येथे इस्माइली पंथातून हा एकेश्वरवादी पंथ निघाला. १०४३ च्या सुमारास त्यांनी नव्या माणसांना दार बंद केले. तेव्हापासून द्रूझ होता येत नाही, द्रूझ म्हणून जन्मावेच लागते. नाव जन्माने मिळते, आणि त्या नावाची शिक्षाही जन्मानेच मिळते. ही गोष्ट आपल्या वाचकाला निराळी समजावून सांगायला नको.

१८६० साली लेबनानच्या डोंगरात द्रूझ आणि मारोनी ख्रिस्ती यांच्यात यादवी पेटली. हजारो ख्रिस्ती मारले गेले. ऑटोमन अंमलदार आणि शिपाई काही ठिकाणी स्वस्थ बघत राहिले, काही ठिकाणी कत्तलीत सामील झाले. पुढे युरोपीय सत्तांचा दाब आला, फ्रान्सचे सैन्य उतरले, आणि काल बघ्याची भूमिका घेणारी तीच सत्ता आज न्यायाधीश होऊन बसली. शेकडो द्रूझांना हद्दपारीची शिक्षा झाली.

कादंबरी इथून सुरू होते. एका द्रूझ शेखचे पाच मुलगे बेलग्रेडच्या किल्ल्यात पाठवले जाणार असतात. बाप पाशापुढे गयावया करतो, नजराणा देतो, आणि पाशा एका मुलाला सोडतो. पण मग मोजणीत एक कमी पडतो! बैरूतच्या बंदरावर हन्ना याकूब नावाचा गरीब ख्रिस्ती अंडी विकायला आलेला असतो. शिपाई त्यालाच उचलतात आणि सुटलेल्या मुलाचे नाव त्याच्यावर चढवतात. आपण हन्ना आहोत, ख्रिस्ती आहोत, आपले घर अमुक चर्चच्या भिंतीला लागून आहे, हे तो सांगत राहतो. कोणी ऐकत नाही. घरी बायको आणि लहान मुलगी वाट बघत राहतात, आणि तो बाल्कनच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे सडतो.

कादंबरीचे सामर्थ्य इथे आहे. सत्तेला गुन्हेगार नको असतो, आकडा हवा असतो, हे जाबिर एका अंडीविक्याच्या आयुष्यातून दाखवतो. शिक्षा गुन्ह्याला होत नाही, नावाला होते.

पण माझी तक्रारही इथेच आहे. वाचक हळहळतो तो हन्नासाठी, कारण तो चुकून सापडला. त्याच्या शेजारी साखळदंडात असलेल्या द्रूझांचे काय? त्यांच्यातल्या कोणी काय केले, कोणी काहीच केले नाही, हे त्या सत्तेने तरी कुठे नीट तपासले? काही प्रसंगांत ते भाऊ माणसे म्हणून उभे राहतात, हे मी मान्य करतो. तरीही कादंबरीचा सारा कळवळा ‘चुकीच्या माणसाला शिक्षा झाली’ या एका खुंटीला टांगलेला आहे. मग ‘बरोबर’ माणसाला झाली असती तर चालले असते काय?

इतिहासात बहुतेक वेळा चूक होत नाही. बरोबर त्याच नावाची माणसे वेचली जातात. १९२५ साली फ्रेंचांविरुद्ध सीरियात जो उठाव झाला त्याचे नेतृत्व सुलतान अल-अत्राश या द्रूझाने केले. पुढे तीस वर्षेही गेली नाहीत, तोच १९५४ च्या आरंभी सीरियाचा हुकूमशहा अदीब शिशकली याने त्याच द्रूझ डोंगरावर सैन्य घातले आणि गावांवर बाँब टाकले. सोबत द्रूझांच्या धर्माची बदनामीही चालवली. त्याच फेब्रुवारीत तो पदच्युत झाला. नंतरच्या असद राजवटीने आपण अल्पसंख्यांचे तारणहार असल्याचा डांगोरा पिटला. पण सुवेदाच्या द्रूझांनी ऑगस्ट २०२३ पासून भर चौकात उभे राहून त्याच राजवटीला नकार दिला. रक्षणाच्या नावाखाली मिळणारी गुलामी ओळखायला त्यांना कोणा विचारवंताची गरज पडली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये असद गेला. जुलै २०२५ मध्ये सुवेदात द्रूझ आणि बेदुइन टोळ्यांत चकमकी झाल्या. शांतता राखायला म्हणून नव्या सरकारचे सैन्य आले, आणि लोकांना घरांत घुसून मारले गेले. मृतांची संख्या हजारावर गेली. बेदुइनही मारले गेले, त्यांची कुटुंबे परागंदा झाली. ते लपवून आपली बाजू बळकट होत नाही. द्रूझ वृद्धांना धरून त्यांच्या मिशा कापल्या गेल्या. मिशी ठेवली म्हणून मार खाल्लेली पोरे आपल्या देशात आहेत. मिशीला हात घालणारा नेमके काय कापतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

त्या दिवसांतली एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. एका वृद्ध पहारेकऱ्याला बंदूकधारी विचारतात, मुसलमान की द्रूझ? तो सांगतो, मी सीरियन. ते उत्तर त्यांना चालत नाही. पुन्हा विचारतात. तो द्रूझ असल्याचे सांगतो आणि त्याला गोळ्या घालतात.

हन्ना आपले खरे नाव सांगत राहिला, ते कोणी ऐकले नाही. या माणसाने जन्माच्या नावापलीकडचे, सगळ्यांचे असलेले नाव सांगितले, तेही कोणी ऐकले नाही. जाबिरने पहिल्याची कादंबरी लिहिली, आणि ती वाचलीच पाहिजे. पण दुसऱ्याची अजून लिहायची आहे. त्यात नायक चुकून सापडलेला नसेल. त्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी तो दुसराच कोणी असण्याची गरज पडणार नाही. आपल्या समीक्षेने कुठल्याही कादंबरीकडे एवढे तरी मागितले पाहिजे.