चार मुलांचे चित्र

सिकलसेल समजावून सांगताना एक चित्र हमखास वापरले जाते. वर आई-वडील, दोघेही अर्धे रंगवलेले, म्हणजे वाहक. खाली चार मुले: एक पूर्ण रंगवलेले, दोन अर्धी, एक कोरे. मेळघाटापासून अकोल्यापर्यंत या आजाराची कुटुंबे आहेत. म्हणून हे चित्र आम्हांला निरुपद्रवी वाटत नाही.

नियमाचे चित्र म्हणून ते अचूक आहे. घराचे चित्र म्हणून मात्र फसवे आहे. एक मूल आजारी निघाले की आई समजते, आपला वाटा संपला, पुढची मुले सुटली. मग पुढच्या गरोदरपणात तपासणी कशाला? वस्तुतः प्रत्येक वेळी शक्यता तीच, चारांत एक. वाहक आई-वडिलांच्या चार अपत्यांच्या घरांपैकी सुमारे ३२ टक्के घरांत एकही मूल आजारी नसेल, तर सुमारे २६ टक्के घरांत दोन किंवा अधिक असतील.

दुसरा दोष विळ्याचा. चित्रातली पेशी जन्मतःच विळ्यासारखी दिसते. खरे तर प्राणवायू कमी झाला की सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे तंतू बनतात आणि पेशी वाकते. प्राणवायू मिळाला की पुष्कळदा ती पुन्हा गोल होते. वारंवार असे झाले की तिचे आवरण बिघडते आणि मग ती वाकडीच राहते. भरपूर पाणी प्या, थंडीपासून जपा, हे रुग्णाला का सांगायचे ते यावरून कळते. हालचाल दाखवायची तर आभासी वास्तवाचा चष्मा कागदापेक्षा नक्कीच सरस. रुग्णाला रक्तवाहिनीत फिरवून आणता येते. कर्करोगाच्या तरुण रुग्णांसाठी केलेल्या 'री-मिशन' या संगणक-खेळाची ३७५ रुग्णांवर चाचणी झाली (अहवाल २००८). खेळणाऱ्यांचे आजाराविषयीचे ज्ञान वाढले आणि औषधे घेण्यातली नियमितता सुधारली. मात्र तिथे रुग्ण स्वतः खेळत होते, नुसते पाहत नव्हते.

हे मर्म वऱ्हाडाला नवे नाही. शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि निष्कर्ष त्यांच्याच तोंडून काढून घेत. पोस्टर प्रश्न विचारत नाही. महागडा चष्माही विचारीलच असे नाही.

शक्यता तर चष्म्यातूनही दिसत नाही. ती हातानेच अनुभवावी लागते. वर्गात प्रत्येकाला दोन नाणी द्यावीत. छापा म्हणजे सदोष जनुक. दोन्ही नाणी एकदा उडवली की एक अपत्य. दोन्ही छापे आले तर ते आजारी, एकच आला तर वाहक. प्रत्येकाने चार वेळा उडवून आपले 'कुटुंब' फळ्यावर लिहावे. चाळीस विद्यार्थ्यांत पोस्टरसारखे कुटुंब सरासरीने सात-आठ जणांचेच निघेल. बाकीच्यांना विचारावे, तुमचे असे का झाले?