हाडांचे वय आणि दाखल्यावरचे वय

कोल्हापुरात तालमीत जाणारा चौदा वर्षांचा एखादा मुलगा सतरा वर्षांचा दिसतो. त्याच्याच वर्गातला दुसरा बाराचा वाटतो. वयोगटाच्या स्पर्धा जवळ आल्या की पहिल्याच्या वयाबद्दल कुजबुज सुरू होते. त्यातून दाखल्यावरची जन्मतारीख '१ जून' असली तर संशय अधिकच बळावतो. पालकांना नेमकी तारीख आठवत नसली की शाळाप्रवेशाच्या वेळी गुरुजी हीच तारीख लिहीत. मग कोणीतरी सुचवतो, "हाताचा एक्स-रे काढा, खरे वय कळेल." आमची हरकत आहे ती या 'खरे' शब्दाला.

एक्स-रेत दिसते काय? वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो. तो काळसर फटीसारखा दिसतो. वाढ पुरी होत आली की तेथे हाड तयार होते आणि फट बुजते. टॅनर-व्हाइटहाऊस पद्धतीच्या २००१ सालच्या आवृत्तीत डाव्या मनगटाची व हाताची १३ हाडे तपासून प्रत्येकाच्या अवस्थेला गुण देतात आणि बेरजेवरून वय वाचतात. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने १६ वर्षांखालील मुलांसाठी हीच पद्धत स्वीकारली.

पद्धत शास्त्रीय आहे, यात वाद नाही. पण ती त्या मुलाच्या जन्माला किती वर्षे झाली हे मोजत नाही. अशी हाडे सरासरीने कोणत्या वयात आढळतात, एवढेच ती सांगते. किशोरवयात निरोगी मुलाचे हाडांचे वय प्रत्यक्ष वयापेक्षा वर्षभर मागे किंवा पुढे असणे नवलाचे नाही. कुपोषण, दीर्घ आजार, थायरॉइडची कमतरता यांनी ते मागे पडते. वयात लवकर येणाऱ्या मुलाचे पुढे जाते. शिवाय तुलना कोणाशी, हाही प्रश्न आहे. ग्रॉयलिक व पाइल यांचा १९५९ सालचा प्रसिद्ध चित्रसंग्रह अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांवरून तयार झाला. आपल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला ती फूटपट्टी लावताना जपूनच लावावी.

न्यायालयाने हे ओळखले आहे. अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नोंदवले. २०१५ च्या बालन्याय कायद्यात शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी येते, मग नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे नसतील तरच हाडांची चाचणी. म्हणजे गुरुजींच्या '१ जून'ला एक्स-रेपेक्षा अधिक मान!

प्रौढांसाठी विकल्या जाणाऱ्या 'जैविक वया'च्या चाचण्यांची गत निराळी नाही. स्टीव्ह हॉर्वाथ यांनी २०१३ साली डी.एन.ए.वरील ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणांवरून वय काढले. पण ते गणित जुळवले होते जन्मतारखेशीच. मग पन्नाशीच्या माणसाचे उत्तर त्रेपन्न आले, तर शरीर झिजले की मोजमाप चुकले? एका चाचणीवरून ते सांगता येत नाही.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. वर्गातील एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांच्या उंचीचा आलेख, नावे न घालता, मुलांकडूनच काढून घ्यावा. सरासरी म्हणजे काय आणि तिच्याभोवतीचा पसारा केवढा, हे त्यांना दिसेल. मग थोराड दिसणाऱ्या सोबत्याला खोटारडा म्हणण्याआधी ती थांबतील. आपणही थांबावे.