तिसऱ्या अपत्याचा रकाना

मीरा-भाईंदर महापालिकेत नगरसेवक व्हायचं असेल तर मतं किती पडतील हा प्रश्न नंतरचा. आधी लिहून द्यावं लागतं की १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे तुमची अपत्यं दोनच्या वर गेलेली नाहीत. गेली असतील तर तुम्ही अपात्र. जुळी झाली तर? कायद्याने त्याचाही विचार केलाय: एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात कितीही जन्मली, तरी ती एकच धरतात. तिसरं मूल दत्तक दिलं तर? उपयोग नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ओडिशातल्या एका प्रकरणात तसं स्पष्ट केलंय. राज्य सरकारच्या नोकरीलाही २००५ पासून असाच नियम आहे, ‘लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन’ या नावाने.

या नियमाबद्दल बहुतेकांचं मत चांगलं असतं. मी लोकसंख्येच्या आकडेवारीवर संशोधन करते म्हटलं की सल्ला ठरलेला: ‘सकाळी आठला भाईंदरच्या फलाटावर उभी राहा, मग कळेल.’

तर आधी फलाटाचं बघू. जनगणनेनुसार १९९१ मध्ये मीरा-भाईंदरची लोकसंख्या साधारण पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांच्या आसपास गेली आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर. वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त. इतक्या वेगाने कुठल्याही समाजात मुलं जन्मत नाहीत! माणसं आली. मुंबईतल्या चाळींमधून आली, राजस्थान-गुजरातमधून आली, उत्तर प्रदेशातून आली, १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं मीरा रोडला आली. मिठागरांच्या शेजारी इमारती उठल्या आणि वन रूम किचन परवडलं, म्हणून ही गर्दी आहे. तिचा हिशोब प्रसूतिगृहात लागत नाही.

जन्मांचा हिशोब वेगळा मांडतात. त्यासाठी ‘एकूण जननदर’ वापरतात, म्हणजे आजचं प्रमाण कायम राहिलं तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील. २.१ ही पातळी अशी की एक पिढी दुसरीची जागा घेते, वाढ थांबत जाते. आपल्याकडचे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येतात, आणि ते करणारी संस्था इथेच, देवनारला आहे. महाराष्ट्राचा जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता, १९९८-९९ मध्ये २.५, २००५-०६ मध्ये २.१ आणि २०१९-२१ मध्ये १.७.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. २.९ चा २.५ झाला तेव्हा २००१ ची ती तारीख उजाडायची होती. असा कायदा नसलेल्या केरळचा जननदर १९९२-९३ मध्येच २.० होता. उलट राजस्थानने हा नियम नव्वदच्या दशकातच आणला, आणि २००५-०६ मध्येही तिथला दर ३.२ होता. मुलींचं शिक्षण, लग्नाचं वय, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री, शहरातला खर्च यांनी हे आकडे खाली आणले. मीरा रोडला नया नगरकडे बोट दाखवून जे बोललं जातं, त्याचंही तेच. देशात मुस्लिम स्त्रियांचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.३६. घट सगळ्यांत झाली, त्यांच्यात सर्वांत जास्त.

म्हणजे नियमाचा परिणाम शून्य? नाही, आणि इथे विरोधकही जरा घाई करतात. एस. अनुकृती आणि अभिषेक चक्रवर्ती यांनी असे कायदे असलेल्या राज्यांतले जन्म तपासले. सामान्य कुटुंबांतही तिसऱ्या मुलाची शक्यता कमी झालेली दिसली. पण पहिली मुलगी असलेल्या उच्चवर्णीय कुटुंबांत पुढच्या जन्मांतलं प्रमाण मुलग्यांकडे झुकलं. तर्क सोपा आणि भयंकर आहे. संधी दोनच, पहिली ‘वाया गेली’, मग दुसरी नशिबावर कोण सोडेल? महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. ही घसरण नियमाच्या आधीच सुरू झाली होती, तिचं सगळं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. पण गर्भलिंग निदानावर देशात पहिला कायदा १९८८ मध्ये ज्या राज्याने केला, त्याला या धोक्याची कल्पना नव्हती असं कसं म्हणावं?

निर्मला बुच यांनी पाच राज्यांतल्या पंचायतींचा अभ्यास केला, त्यात याहून उघडे प्रकार सापडले: पद वाचवायला बायकोला सोडणं, मूल आपलं नाहीच म्हणणं, गर्भपात. किती मुलं व्हावीत हे जिच्या हातात सर्वांत कमी, ती अपात्र ठरते. स्थानिक संस्थांत स्त्रियांना पन्नास टक्के आरक्षण द्यायचं आणि त्याच दारात हा रकाना ठेवायचा. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली असते, पुरुषांची शंभरात एकाचीही नाही. आणि हा तो प्रांत, जिथे साठच्या दशकात मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रं चालत!

मग १९७६ आलं. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी असं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, पुढच्या निवडणुकीत सरकार पडलं, आणि त्यानंतर कार्यक्रमाने मोर्चा बायकांकडे वळवला. त्या अनुभवानंतर २००० च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने संमती आणि स्वेच्छा हा पाया मानला, उद्दिष्टं लादायची नाहीत असं सांगितलं. पुढच्याच वर्षीची तारीख आपल्या अर्जात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात असा नियम वैध ठरवला हे खरं, पण वैध म्हणजे शहाणपणाचा असं नव्हे.

मला सर्वांत खटकतं ते वेगळंच. खासदार-आमदारांनाही दोन अपत्यांची अट लावायचं घटनादुरुस्ती विधेयक १९९२ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. ते कधीच मंजूर झालं नाही. म्हणजे तीन मुलांची आई मीरा रोडची आमदार होऊ शकते, गटाराच्या झाकणांवर प्रश्न विचारणारी नगरसेविका होऊ शकत नाही.

मध्य प्रदेश, हिमाचल, छत्तीसगड, हरियाणा यांनी हा नियम २००५-०६ च्या सुमारास काढला. आंध्रने २०२४ मध्ये काढला, तोही लोकसंख्या म्हातारी होतेय या काळजीने. यात मला नवा धोका दिसतो: काल ‘दोनच’ म्हणणारं सरकार उद्या ‘दोन तरी’ म्हणू लागेल, आणि बाईला विचारायचं दोन्ही वेळा राहून जाईल. आंध्रचा जननदर २०१९-२१ मध्ये १.७ होता, आपल्याइतकाच. पुढच्या लेखात बघू की १.७ चा अर्थ शाळेच्या पटासाठी आणि वृद्धांच्या पेन्शनसाठी काय होतो.