बनारस कृष्णधवलात : ‘अपराजितो’मधील शहर आणि रंगाचा प्रश्न

१. प्रश्न

बनारसच्या घाटावर उभे राहिले की डोळ्यांसमोर रंगांची गर्दी होते. भगवी वस्त्रे, झेंडूच्या माळा, वाळत घातलेल्या साड्या, रंगवलेल्या होड्या. तरीही या शहराची बरीच गाजलेली चित्रे कृष्णधवल आहेत, आणि डिजिटल कॅमेरा हाताशी असतानाही अनेक तरुण छायाचित्रकार मुद्दाम कृष्णधवल फिल्मचा रोल घेऊन तिथे जातात. यामागे अनेकदा एक समज असतो : रंग काढून टाकला की चित्र आपोआप खोल होते. हा समज कितपत खरा आहे, हे या टिपणात तपासायचे आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ (१९५६) हा चित्रपट घेतला आहे. तो चलत्‌चित्र असला तरी बनारसचे रोजचे जीवन कृष्णधवल फिल्मवर टिपण्याचा इतका विचारपूर्वक केलेला प्रयत्न क्वचितच सापडतो.

२. फिल्म काय पाहते?

‘कृष्णधवल’ म्हणजे एकच एक दृष्टी नव्हे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये भारतात आला आणि त्या दशकात त्याने बनारसचे घाटही टिपले. तेव्हाच्या ओल्या कोलोडियन काचेला मुख्यतः निळा प्रकाश जाणवत असे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे, लाल आणि भगवे कापड जवळजवळ काळे पडे. प्रकाशनाला काही सेकंद लागत, म्हणून हलणारी माणसे पुसट होत आणि पाणी गुळगुळीत दिसे. अशा चित्रांत घाटाची वास्तू ठळक आणि तिथली माणसे दुय्यम होतात. यात छायाचित्रकाराची आवड होतीच, पण काचेची मर्यादाही तितकीच होती.

विसाव्या शतकातील पँक्रोमॅटिक फिल्म सर्व दृश्य रंगांना प्रतिसाद देते. तिच्यावर भगवे वस्त्र मध्यम किंवा फिकट करडे उमटते. लाल फिल्टर लावला तर ते पांढऱ्याकडे झुकते. भगवा आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग एकाच करड्या छटेत विरून जाऊ शकतात. म्हणजे रंगातून मिळणारी ओळख (हा साधू, ही विधवा, हा यात्रेकरू) सैल होते. मग प्रेक्षकाला माणूस ओळखण्यासाठी त्याची बसण्याची पद्धत, चाल, हातांची हालचाल आणि चेहरा पाहावा लागतो. कृष्णधवलाचा खरा लाभ असेल तर तो इथे आहे.

३. ‘अपराजितो’मधील बनारस

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या चित्रत्रयीतला हा दुसरा चित्रपट. १९५७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. कथेत गाव सोडून आलेले हरिहर, सर्वजया आणि अपू हे कुटुंब १९२० च्या सुमारास बनारसमध्ये राहते. हरिहर घाटावर पोथी वाचून पोट भरतो. अपू गल्ल्यांतून आणि घाटांवरून भटकतो, मुद्गल फिरवणाऱ्या व्यायामपटूकडे टक लावून पाहतो, देवळात माकडांना दाणे टाकतो.

शहराकडे पाहण्याचे हे दोन मार्ग लक्षात घ्यावेत. अपूसाठी घाट हे खेळाचे अंगण आहे, हरिहरसाठी ती कामाची जागा आहे. पर्यटकाचा तिसरा डोळा चित्रपटात जवळपास येतच नाही. म्हणून पायऱ्यांची भव्यता आधी सुंदर रचना म्हणून समोर आली, तरी आजारी हरिहर त्याच पायऱ्या चढताना कोसळतो तेव्हा त्यांचा अर्थ बदलतो. प्रत्येक पायरी आता एका दमलेल्या देहाचा श्रम होते. उंचीचे आणि सावलीचे हे मोजमाप कृष्णधवलात अधिक स्पष्ट होते, कारण दगडाच्या छटा आणि देहाची छटा यांच्यात लक्ष विचलित करणारे दुसरे काही उरत नाही.

मृत्यूचे चित्रणही तपासण्यासारखे आहे. अपू पहाटे गंगाजल आणतो, हरिहर प्राण सोडतो आणि पडद्यावर कबुतरांचा मोठा थवा उडतो. बनारसमध्ये मृत्यू दाखवायचा तर मणिकर्णिकेची चिता हे सर्वांत सोपे चित्र होते. तो क्षण रायांनी चितेवर नेला नाही. आज स्मशानघाटावर कॅमेरा रोखणाऱ्यांना मृतांचे नातलग हरकत घेतात. त्या संदर्भात ही निवड केवळ सौंदर्याची न राहता सभ्यतेचीही ठरते.

४. प्रकाशाचा धडा

छायाचित्रकार सुब्रत मित्र यांची कामगिरी तांत्रिक असूनही समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि शहर तिच्या पश्चिम काठावर आहे. त्यामुळे सकाळचे ऊन नदीवरून थेट पायऱ्यांवर येते. मागच्या गल्ल्या मात्र इतक्या अरुंद आणि घरे इतकी उंच आहेत की तिथे ऊन क्वचितच उतरते. वरच्या आकाशाच्या पट्टीतून आलेला प्रकाश भिंतींवरून परतत खाली येतो. जुन्या घरांच्या चौकातही असाच सावली न पाडणारा उजेड असतो.

हरिहरच्या घराचा चौक उघड्यावर उभारायचा बेत पावसाच्या भीतीने सोडावा लागला आणि कला दिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त यांनी तो कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधला. स्टुडिओच्या दिव्यांनी तसा उजेड साधणार नाही, असे मित्रांचे म्हणणे होते. शेवटी त्यांनी चौकावर पांढरे कापड ताणले आणि खालून दिवे त्यावर टाकून परतलेला प्रकाश वापरला. परावर्तित प्रकाशयोजनेचे हे एक आरंभीचे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते. बनारसच्या प्रकाशाचे इतके बारीक निरीक्षण झाले, म्हणूनच बाहेरचा खरा घाट आणि आतला खोटा चौक एकाच शहराचे वाटतात.

५. रघुबीर सिंग यांचा आक्षेप

रंगीत छायाचित्रणाचे मोठे भारतीय कलावंत रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी बनारसवर १९८७ मध्ये रंगीत छायाचित्रांचे पुस्तक केले. ‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) या पुस्तकात त्यांनी मांडलेल्या भूमिकेचा आशय असा : भारतीय दृष्टी रंगातूनच जग पाहत आली आहे, कृष्णधवलातील विषण्णता आणि तुटलेपण ही पाश्चात्य आधुनिकतेची देणगी आहे.

हा आक्षेप प्रवाशांच्या बऱ्याच चित्रांना नेमका लागू पडतो. सुरकुतलेला चेहरा, धूर, खरखरीत कण एवढ्यावर ती चित्रे गांभीर्य उसने आणतात आणि गरिबीला शोभेची वस्तू करतात. पण तो ‘अपराजितो’ला पुरेसा लागू होत नाही. मित्रांवर आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या छायाचित्रांचा प्रभाव होता, हे खरे. तरी या चित्रपटातील करडेपण तुटलेपणाचे नाही. तिथे आई आणि मुलगा, बाप आणि पोथी यांच्यातील जवळीक दिसते. तंत्र परदेशातून आले म्हणून भावनाही परकी ठरत नाही.

रायांनी स्वतः १९७९ मध्ये ‘जय बाबा फेलुनाथ’साठी पुन्हा बनारस निवडले, या वेळी रंगीत. ती चोरीची आणि वेषांतराची कथा आहे. तिथे वस्तू, पेहराव आणि बाह्य रूप यांनाच महत्त्व असल्यामुळे रंग उपयोगी पडतो. एकाच दिग्दर्शकाने एकच शहर दोन प्रकारे दाखवले, यावरून माध्यमाची निवड शहर ठरवत नाही, कथेची गरज ठरवते, असे म्हणता येते.

६. मर्यादा आणि निष्कर्ष

‘अपराजितो’चे बनारस पूर्ण नाही. ते एका बंगाली ब्राह्मण कुटुंबाचे बनारस आहे. मदनपुऱ्यातील विणकर, ज्यांच्या साड्यांनी शहराचे नाव देशभर नेले, त्यात जवळपास दिसत नाहीत. अहिल्याबाई होळकर आणि इतर मराठी आश्रयदात्यांनी बांधलेले वा दुरुस्त केलेले घाट पार्श्वभूमीला असतात, पण तो इतिहास कथेचा विषय होत नाही. ही उणीव रंगाची नाही, दृष्टिकोनाची आहे. रंगीत फिल्मने ती भरून निघाली नसती.

म्हणून कृष्णधवल चित्र पाहताना एक साधी कसोटी लावावी : रंग गेल्यामुळे आपण माणसाकडे अधिक लक्ष देतो, की फक्त वातावरणाकडे? पहिले घडले असेल तर रंग वगळणे सार्थ ठरते.

स्वाध्याय

१. ‘अपराजितो’मधील घाटाच्या पायऱ्या अपू आणि हरिहर यांच्या संदर्भात कसा वेगवेगळा अर्थ घेतात, ते लिहा.
२. रघुबीर सिंग यांच्या भूमिकेशी तुम्ही कितपत सहमत आहात? स्वतःच्या गावातील एका बाजाराचे रंगीत आणि कृष्णधवल छायाचित्र शेजारी ठेवून उत्तर द्या.